आधी टायर, मग उंची: नगरच्या वाटा आणि जुन्या जीपगाड्या

नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन जातीचा रणगाडा उभा आहे. त्याचे वजन पन्नास टनांच्या घरात आहे. पण ते लांबरुंद पट्ट्यांवर पसरलेले असल्यामुळे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला पडणारा भार एक किलोच्या आसपासच राहतो. आता रस्त्यावरची एखादी जुनी मारुती जिप्सी घ्या. माणसांसकट तिचे वजन सव्वा-दीड टन, आणि टायरमध्ये तीस पॉइंट हवा. टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलोंहून थोडा जास्त. ओल्या काळ्या रानात ही छोटी गाडी त्या रणगाड्याच्या दुप्पट दाबाने जमिनीत शिरते. तिला कितीही उंच केले तरी हा दाब बदलत नाही. तो बदलतो टायरने आणि टायरमधल्या हवेने.

जुनी जीप, जिप्सी किंवा थार घेतलेला माणूस गॅरेजात पहिला प्रश्न विचारतो तो उंचीचा: किती इंच उचलायची? हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे, असे माझे ठाम मत आहे. गाडी कोणत्या जमिनीवर चालणार हा पहिला प्रश्न. मग टायर, मग हवा, मग कमानपाट्यांची (लीफ स्प्रिंगची) अवस्था. एवढे झाल्यावर अडचण उरलीच, तर उंचीचा विचार करावा. अहिल्यानगर जिल्ह्यात हा क्रम विशेष लागू पडतो, कारण इथली जमीन एकसारखी नाही.

सतरा हजार चौरस किलोमीटरांचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुका आहे. तिथे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड, भंडारदऱ्याचे पाणी आणि घाटघरचा धुवाधार पाऊस. भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटांवर वरचा चिखल वीतभर असतो, त्याखाली खडक किंवा मुरूम लागतो. मधल्या पट्ट्यात संगमनेरचे पठार आणि पारनेर म्हणजे मुरमाड, खडकाळ, उन्हाळ्यात धुळीची आणि टोकदार दगडांची जमीन. राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव या कालव्यांच्या भागात खोल काळी माती आणि ऊस. दक्षिणेला कर्जत-जामखेडकडे माळरान, आणि श्रीगोंदे-कर्जतच्या सीमेवर भीमेचे पात्र. अकोल्यात उत्तम चाललेला टायर नेवाशाच्या शिवारात पहिल्याच पावसात हतबल होऊ शकतो.

काळ्या मातीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथे अडकणाऱ्या गाड्यांचे मूळ तिच्यातच आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पावसात तीच माती चाकाला लपेटून बसते. टायरच्या खोबणी भरल्या की नक्षी उरतच नाही, चाक मातीचा गुळगुळीत गोळा होऊन जागीच फिरते. कितीतरी ठिकाणी खाली कठीण थर हाताला लागतच नाही, त्यामुळे चाक जितके फिरवावे तितके खाली जाते. त्यात भर पडते ऊसतोडीच्या हंगामाची. ट्रॅक्टर आणि भरलेल्या ट्रॉल्या पाणंदीवर खोल चाकोऱ्या पाडतात. त्या ट्रॅक्टरच्या मापाने पडतात आणि मधला उंचवटा जीपच्या डिफरेन्शियलला टेकतो. चारही चाके फिरत असतात, गाडी मात्र पोटावर बसलेली असते. इथे उंची हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण ती कुठली उंची?

जुन्या जीप आणि जिप्सी यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये एकसंध कणखर एक्सल असतो. त्यावरचा डिफरेन्शियलचा गोळा हा गाडीचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग. कमानपाटे उंच केले की चासी आणि बॉडी वर जाते. एक्सल होता तिथेच राहतो, कारण तो टायरच्या त्रिज्येवर टांगलेला आहे. म्हणून गाडी चार इंच उचलूनही चाकोरीतला उंचवटा डिफरेन्शियलला आधीसारखाच लागतो. पुढचा बंपर बांधाला आपटत असेल, मधली चासी घासत असेल किंवा मोठा टायर मडगार्डला लागत असेल, तर उचलण्याचा उपयोग होतो. एक्सलखालची जागा मात्र मोठ्या टायरनेच वाढते.

ती किती वाढते, ते हिशेबाने पाहू. नंतरच्या जिप्सीचा मूळ आकार २०५/७० आर १५. टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ७० टक्के म्हणजे १४३.५, आणि रिम १५ इंची म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०३.५ होतो आणि एक्सल साधारण १८ मिलिमीटर वर जातो. २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३.५ होतो आणि एक्सल सुमारे ३३ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाने, वर जातो. एवढा सव्वा इंच चाकोरीत खूप मोलाचा असतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. चाक जवळपास दहा टक्के मोठे झाले, म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्के जड झाला. मीटरवर साठ दिसत असताना गाडी प्रत्यक्षात सहासष्टने धावते. १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन घाटात आधीच कष्टाने ओढते, त्यावर हा भार येतो. ब्रेकलाही मोठे, जड चाक थांबवावे लागते. म्हणून जुन्या जिप्सीला २१५/७५ हा समंजस आकार आहे असे मी म्हणेन. २३५ घालणाऱ्याने गिअरचे गुणोत्तर आणि ब्रेक यांचाही विचार त्याच बैठकीत करावा.

या गाड्यांचा इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धातली मूळ विलीज जीप ६.००-१६ या अरुंद टायरवर आणि साठ अश्वशक्तीच्या इंजिनावर चिखलातून गेली. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक वर्षे खेड्यापाड्यांत तीच बांधणी धावली. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून लष्करासाठी निसानच्या आराखड्यावर जोंगा बनली. १९८५ च्या अखेरीस मारुती जिप्सी आली आणि पुढे लष्कराची आवडती हलकी गाडी झाली. २०१० मध्ये थार आली. नगर हे आर्मर्ड कोअर सेंटर आणि स्कूलचे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे गाव असल्याने लष्करी जीप आणि जिप्सी इथल्या माणसाने लहानपणापासून पाहिलेली असते, आणि सैन्याने निकाली काढलेली गाडी लिलावातून घ्यावी ही इच्छाही इथे जुनी आहे. यातली एकही गाडी कारखान्यातून उचललेली बाहेर पडली नव्हती. हलके वजन, अरुंद उंच टायर, लो गिअर आणि दोन्ही एक्सलना ताकद, एवढ्यावर त्यांनी आपले नाव कमावले.

आता पाट्यांकडे येऊ. वीस-तीस वर्षांच्या गाडीचे कमानपाटे बसलेले असतात. कमान सपाट होते, कधी उलटीही होते. चालकाच्या बाजूला गाडी झुकते. अशा गाडीचा मालक म्हणतो, गाडी दोन इंच उचलायची आहे. प्रत्यक्षात त्याची गाडी मूळ उंचीपेक्षाच दीड-दोन इंच खाली आलेली असते. सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि चारही आकडे लिहून ठेवावेत. बहुतेकांना आपले उत्तर तिथेच मिळते. पाटे उतरवून, तुटलेले बदलून, गंज काढून, योग्य कमान असलेला जोड बसवला, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट घातले की गाडी मूळ उंचीवर येते आणि चालही सुधारते. पाट्यांना भट्टीत लाल करून कमान देण्याचा स्वस्त मार्ग टाळावा. पोलादाचे पाणी उतरले की पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा वाटेत तुटतो. मला विचाराल तर जुन्या गाडीवर खर्च करायचा पहिला पैसा इथे जावा.

मूळ उंचीवर आलेली गाडीही अपुरी पडत असेल तर पुढचे उपाय आहेत, आणि प्रत्येकाचे दुखणे वेगळे. सर्वांत स्वस्त म्हणजे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी. शॅकल दोन इंच लांब केला तर ते टोक साधारण एक इंच उचलले जाते. पण ज्या गाडीत पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो, तिथे लांब शॅकलने एक्सल पुढे कलंडतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी भटकू लागते. नगर-मनमाड रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत अशी गाडी हाकणे धोक्याचे आहे. जास्त पाटे घालण्याने गाडी वर येते पण ताठ होते. खडकाळ वाटेवर चाक खाली झुकून जमीन धरत नाही, हवेत लटकते. ओझे नसलेल्या गाडीला हा उपाय उलट नडतो. खास उंच कमानीचे, पण मऊ पाटे हा त्यातला बरा मार्ग. त्याबरोबर शॉकॲब्सॉर्बर आणि ब्रेकच्या रबरी नळ्याही लांब घ्याव्या लागतात. ब्रेकची नळी ताणून तुटणे ही डोंगरात जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

सर्वांत जास्त आकर्षण आहे ते पाटे एक्सलच्या वर घेण्याचे. जुन्या जीप आणि जिप्सीत पाटे एक्सलच्या खालून जातात. ते वर आणले की गाडी एकदम पाचेक इंच उंच होते. त्यासाठी एक्सलवर पाट्याच्या बैठका कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर झिजतात, स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरपी होते आणि खड्ड्यात चाक उडाले की स्टिअरिंग हातात फिरते. ताकद लावली की एक्सल पाट्यांवर गुंडाळायला पाहतो. शिवाय गुरुत्वमध्य वर जातो. समजा चाकांमधले अंतर १,३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटर उंचीवर आहे. अशी गाडी उभ्या स्थितीत ४५ अंशांपर्यंत कलंडत नाही. गुरुत्वमध्य १०० मिलिमीटर वर गेला की हा कोन ४१ अंशांवर येतो. चालत्या गाडीत, आडव्या उतारावर, पाटे दबलेले असताना तो आणखी कमी असतो. राजूर-भंडारदऱ्याकडच्या वळणांवर कुटुंब घेऊन जाणाऱ्याने हे काम करू नये, असे मी स्पष्टच म्हणतो. ते स्पर्धेसाठी बांधलेल्या, संरक्षक पिंजरा (रोल केज) असलेल्या गाडीचे काम आहे.

चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालून बॉडी उचलण्याने मोठा टायर बसतो, चासीखालची जागा वाढत नाही. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार आहेत. ते पिळून गाडी अर्ध्या तासात वर येते, पण स्वतंत्र एक्सलचे कोन वाढतात, रबरी बूट फाटतात, चाकाचा खाली जाण्याचा वाव संपतो. एखाद इंचापलीकडे हे करू नये. आणि शेतावर जाणाऱ्या जुन्या हॅचबॅकच्या स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे घालतात, त्याने बसलेली गाडी सावरते एवढेच. स्प्रिंगच्या उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो, आणि गाडीला मूळचे नसलेले सामर्थ्य त्यातून येत नाही.

टायरच्या निवडीत तीन जाती डोळ्यांपुढे ठेवाव्यात. रस्त्याचा, सर्व जमिनींचा म्हणजे ऑल-टेरेन, आणि चिखलाचा म्हणजे मड-टेरेन. मड-टेरेनच्या खोबणी खोल आणि मोकळ्या असतात, चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरच्या तिरक्या कातरांमागचे तत्त्व हेच आहे. काळ्या मातीत रोज जाणाऱ्याला त्याला पर्याय नाही. पण हा टायर ओल्या डांबरावर लवकर पकड सोडतो, आवाज करतो, पेट्रोल खातो आणि लवकर झिजतो. या जिल्ह्यातला बहुतेक मालक आठवड्याचे दिवस डांबरावर काढतो आणि सुट्टीच्या दिवशी अकोल्याकडे वळतो. त्याला ऑल-टेरेन रेडियल हाच योग्य टायर. पारनेर-संगमनेरच्या टोकदार दगडांवर तर तो मड-टेरेनपेक्षा सरस, कारण त्याचे ठोकळे दाट असतात आणि जास्त रबर दगडाला टेकते. तिथे नक्षीपेक्षा टायरच्या भिंतीची मजबुती पाहावी. भिंतीत दगड घुसला तर पंक्चरची पट्टी टिकत नाही.

अरुंद की रुंद, हा वाद जुना आहे आणि जमीन पाहिल्याशिवाय सुटत नाही. अकोल्याच्या वाटेवर वीतभर चिखलाखाली मुरूम आहे. अरुंद, उंच टायर तो चिखल कापून खालच्या कठीण थराला भिडतो आणि पकड घेतो. विलीजचा अरुंद टायर चालला त्यामागचे कारण हेच. नेवाशाच्या खोल काळ्या रानात किंवा भीमेच्या वाळूत खाली आधारच नाही. तिथे वर तरंगत जावे लागते, म्हणून जमिनीला टेकणारा भाग मोठा हवा.

तो मोठा करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हवा कमी करणे हा आहे. प्रत्येक चाकावर सव्वातीनशे किलो भार धरला आणि हवा तीस पॉइंट असली, तर टेकणारा भाग साधारण १५५ चौरस सेंटिमीटर. हवा सोळावर आणली तर तो २९० च्या जवळ जातो. टायरच्या भिंतीच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, तरी एक पैसाही न खर्चता गाडीची जात बदलते. मुरमाड वाटेला पंचवीस, चिखलाला अठरा-वीस, वाळूला पंधराच्या आसपास, असे मी सुचवेन. पंधराच्या खाली टायर रिमवरून निसटण्याची भीती असते, विशेषतः एकदम वळण घेताना. कमी हवेवर वेग कमी ठेवावा, आणि डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा भरावी. तशीच पळवली तर टायर तापून फुटतो. म्हणजे बॅटरीवर चालणारा लहान कंप्रेसर आणि हवा मोजण्याचे यंत्र हे लांब शॅकलपेक्षा आधी घ्यायचे सामान आहे.

जुना टायर विकत घेताना भिंतीवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असूनही सात-आठ वर्षे उन्हात उभ्या गाडीचा टायर आतून कडक झालेला असतो. मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. ते डांबराचे माप आहे. चिखलासाठी निम्मी नक्षी उरली की तो टायर संपला असे धरावे. माळावर आणि ओढ्याकाठी वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात. ट्यूबलेस टायर तिथे सोयीचा, कारण काटा काढून जागेवरच पट्टी घालता येते. जुन्या सोळा इंची जीप रिमवर मात्र ट्यूबच चालते, त्यामुळे त्या मालकाने ट्यूब, पाना आणि जॅक बरोबर ठेवावा. जॅकखाली टाकायला जाड फळी हवीच, काळ्या मातीत जॅक नुसता खाली जातो.

कायद्याची बाजू अनेकजण मागाहून ऐकतात. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. गाडीच्या नमुन्याला मान्यता देण्याच्या ज्या संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये नमूद आहेत, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, आहे. ब्रेक किती अंतरात लागतो, गाडी कशी वळते, हे मोजून मान्यता दिलेल्या बांधणीत गॅरेजात पाच इंच घालणे म्हणजे ती सगळी मोजमापे मोडीत काढणे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी आरटीओत न्यावीच लागते आणि तिथे हे लपत नाही. अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. मूळ उंचीवर आणलेले पाटे आणि उत्पादकाने त्याच गाडीला सुचवलेल्या आकारांतले टायर या मार्गाने जाणाऱ्याला सहसा अडचण येत नाही.

गाडी न्यायची कुठे, हाही या प्रश्नाचा भाग आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे छोटे अभयारण्य १९८० पासून आहे. या भागांत रस्ता सोडून गाडी घालणे गुन्हा आहे. नगरजवळची के. के. रेंज लष्कराच्या गोळीबार सरावाची, तिथे पाऊलही टाकू नये. राहिले मोकळे डोंगरउतार. ते मोकळे दिसतात, पण राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारच्या वाटेने गेलेल्या कित्येक गावांनी त्या उतारांवर श्रमदानातून समतल चर खोदले आहेत. एका पावसाळी दुपारी चार जीप तिथून चढल्या तर चराची कड फुटते, चाकोरीतून पाणी वाट काढते आणि माती वाहून जाते. माळावरचे गवतही एका हंगामात परत येत नाही. ज्यांना खरोखर चिखलात गाडी घालून शिकायचे आहे त्यांच्यासाठी शेजारीच, इगतपुरीजवळ, महिंद्रांनी त्यासाठी प्रशिक्षणाची जागा बांधली आहे. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय फेरी होते. उचललेल्या, पिंजरा घातलेल्या, विंच लावलेल्या गाड्या कशासाठी असतात ते तिथे दिसते. गावाकडे ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, नांगरटीआधीच्या पडीक रानात शिकणे हाही चांगला मार्ग आहे.

शेवटी पुन्हा टायरकडे: घेताना पाच घ्यावेत. दोन्ही एक्सलना ताकद दिलेली असताना एका चाकाचा व्यास वेगळा असला तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्स्फर केस तापते. चार नवे २१५ आणि मागे टांगलेली जुनी २०५ ची स्टेपनी घेऊन गेलेल्या गाडीला साम्रदच्या वाटेवर पंक्चर झाले तर फोर-व्हील सोडून परतावे लागते, नेमके जिथे ते लागणार असते तिथे. पाचवा टायर त्याच आकाराचा, त्याच नक्षीचा घ्यावा, आणि दर काही महिन्यांनी त्यालाही बाकीच्यांबरोबर जागा बदलून चालवावे.